लेआ हिचे डोळे : आपल्या मुलींच्या रूपाविषयी मंडळीस एक पाठ

शास्त्रपाठ : उत्पत्ति 29:16–35. सोबत वाचावे : गीतरत्न 1:5–6, यशया 62:2–4.
तोंडपाठ करावयाचे वचन : 1 शमुवेल 16:7.
पाठाचा उद्देश : मुलीची किंमत तिच्या रंगारूपावर ठरविणारी दृष्टी देवाची नव्हे, हे मंडळीस कळावे, आणि ज्या मुलींची मने ह्या दृष्टीने खचली आहेत त्यांस धीर मिळावा.



आमच्या अहमदपूर तालुक्यातील व आसपासच्या खेडेगावांतील मंडळ्यांत दारू, जुगार, भांडणतंटे ह्यांविषयी प्रवचने होतात, व ती व्हावीत हे योग्यच आहे. परंतु एक दुःख असे आहे की ते घरोघर असूनही व्यासपीठावरून त्याचा उच्चार क्वचितच होतो. मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की ती आरशापुढे उभी राहून आपले दोष मोजू लागते. रंग सावळा, नाक बसके, अंग जाड किंवा काटकुळे, उंची कमी, दात पुढे, अशी तिची यादी वाढत जाते. ती छायाचित्रात मागे उभी राहते, उपासनेत गीत गाण्यास पुढे येत नाही, आणि कोणी तिची स्तुती केली तर आपली थट्टा होत आहे असे तिला वाटते. हे तिने कोठून शिकले? जन्मास येताना ती हे शिकून आली नव्हती. आपण वडीलधाऱ्यांनी तिला ते शिकविले. म्हणून हा पाठ जितका मुलींसाठी आहे, त्याहून अधिक तो आईबाप, आजी, मामा-मावशी व मंडळीतील वडील ह्यांच्यासाठी आहे.

1. लाबानाच्या घरच्या दोन बहिणी

लाबानास दोन मुली होत्या. धाकट्या राहेलीचे वर्णन शास्त्रकार करितो ते असे की, ती बांध्याने सुरेख व दिसण्यात सुंदर होती. थोरल्या लेआविषयी मात्र तो केवळ तिच्या डोळ्यांचाच उल्लेख करितो. मूळ इब्री भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ कोमल किंवा नाजूक असा होतो. त्यावरून कोणी म्हणतात की तिचे डोळे अशक्त होते, कोणी म्हणतात की ते हळुवार होते. अर्थ कसाही घ्या, एवढे तर स्पष्ट आहे की त्या घरी येणारा जाणारा दोघी बहिणींस शेजारी शेजारी ठेवून पाहत असे, आणि त्या तुलनेत लेआ दर वेळी हरत असे.

पुढे काय घडले ते आपणांस ठाऊक आहे. याकोबाने राहेलीसाठी सात वर्षे चाकरी केली, व लाबानाने रात्रीच्या अंधारात लेआस त्याच्या तंबूत पाठविले. ह्या कपटाविषयी आपण बोलतो तेव्हा फसला तो याकोब असे म्हणतो. परंतु त्या सकाळी लेआच्या मनाचे काय झाले असेल ह्याचा विचार किती जण करितात? नवऱ्याने डोळे उघडून तिच्या मुखाकडे पाहिले, आणि त्याच्या तोंडून पहिले जे निघाले ते आपण फसविलो गेलो ह्या अर्थाचे गाऱ्हाणे. लाबानाने ह्या मुलीस तिच्या मनीचे काही विचारले असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. पुढे 31व्या अध्यायाच्या 15व्या वचनात दोघी बहिणी स्वतःच म्हणतात की बापाने आम्हांस परक्यांप्रमाणे विकून टाकिले. तेव्हा लेआचे दुःख केवळ तिच्या डोळ्यांत नव्हते. ज्या घरात मुली तागडीत घातल्या जात होत्या, त्या घराच्या रीतीत ते होते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जी सुंदर म्हणून जिंकली, ती राहेल तरी सुखी झाली काय? 30व्या अध्यायाच्या आरंभीच ती लेकरांवाचून आपण मरून जाऊ असे नवऱ्यास म्हणते. तागडी एकदा घरात आली की तिच्या दोन्ही पारड्यांत दुःखच तोलले जाते. आज रूपाने जिंकणारी मुलगी उद्या दुसऱ्या कशाने तरी हरते.

2. आमच्या गावांतील तागडी

लाबानाची तागडी आमच्या गावांतून गेलेली नाही. मुलगी पाहावयास पाहुणे येतात. पोहे व चहा घेऊन ती पुढे येते, तिला चालावयास सांगतात, बोलावयास सांगतात, आणि पाहुणे परत जाऊन 'कळवितो' म्हणतात. नकार आला तर त्याचे कारण दुसऱ्या कोणाकडून तरी कानी येतेच : 'मुलगी चांगली आहे, पण रंगाने जरा कमी.' मुलीने हे चार वेळा ऐकले म्हणजे तिच्या मनात जे घर करिते ते सहजासहजी निघत नाही. ख्रिस्ती घरी हे होत नाही असे कोणी म्हणू नये. स्थळाची माहिती लिहिताना शिक्षण व नोकरी ह्यांच्या जोडीस 'वर्ण गोरा' किंवा 'वर्ण गव्हाळ' असे आपलेही लोक लिहितात, आणि आपली मुलगी सावळी असेल तर तो रकाना कोरा सोडितात.

रंगाची ही तागडी पैशाच्या तागडीस बांधलेली आहे. हुंडा देणे व घेणे 1961 च्या कायद्याने गुन्हा ठरलेले आहे. तरी रूपात जे कमी ते रकमेत भरून काढावे, हा हिशेब उघडपणे नाही तर आडपडद्याने चालतो. मुलगी हे सर्व ऐकत असते. मी बापाच्या डोक्यावरचे ओझे आहे, हा विचार तिच्या मनात शिरतो. आपल्याच लातूर जिल्ह्यात 2017 साली एका शेतकऱ्याच्या तरुण मुलीने, आपल्या लग्नाचा भार बापास सोसणार नाही, ह्या दुःखाने आपले जीवन संपविले. ती वार्ता साऱ्या महाराष्ट्राने वाचली. ज्या समाजात मुलीस आपले असणेच बापावरील कर्ज वाटते, त्या समाजाने आपल्या बोलण्याचा हिशेब देवापुढे द्यावा लागेल हे ओळखावे.

आणि घरातील थट्टा? 'काळी', 'जाडी', 'बुटकी', 'दातरी', अशा हाका आपण प्रेमाने मारितो असे म्हणतो. लहानपणी मुलगी त्या हाकेस हसून ओ देते. पंधराव्या वर्षी ती हसत नाही, परंतु आपण हाक मारणे सोडीत नाही. याकोबाच्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायात जिभेस लहानशा आगीची उपमा दिली आहे; ही आग लावणारे बहुधा परके नसतात, चुलीपाशी बसलेले आपलेच असतात.

3. सावळा वर्ण म्हणजे काय

ज्या रंगामुळे एवढे अश्रू ढाळले जातात तो रंग आहे तरी काय, हे समजून घेणे बरे. माणसाच्या त्वचेत रंग उत्पन्न करणाऱ्या बारीक पेशी असतात. त्यांची संख्या गोऱ्या व काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. त्या पेशी मेलॅनिन नावाचे द्रव्य तयार करितात. ते अधिक प्रमाणात व अधिक गडद प्रकारचे तयार झाले की वर्ण सावळा दिसतो. हे द्रव्य सूर्याच्या प्रखर किरणांपासून आतील भागाचे रक्षण करिते. ज्या मुलखात वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, जेथे स्त्रिया दिवसभर ओणव्या होऊन सोयाबीन खुरपितात व तूर कापितात, तेथे सावळी त्वचा हे उणे नव्हे. ती निर्माणकर्त्याने दिलेली छत्री आहे.

गीतरत्नाच्या पहिल्या अध्यायातील ती तरुणी आमच्या मुलींची सखी शोभेल. ती आपला वर्ण सावळा आहे हे लपवीत नाही, आणि आपण सुंदर आहो हेही लपवीत नाही; दोन्ही गोष्टी ती एका दमात सांगते. मग ती कारणही सांगते : भावांनी मला द्राक्षमळ्यांची राखण करावयास लाविले, म्हणून उन्हाने मी अशी झाले. पाहा, तिचा वर्ण तिच्या श्रमाची साक्ष आहे. लोक तिच्याकडे टक लावून पाहतात हे तिला कळते, व तसे पाहू नका असे ती त्यांस सांगते. ज्या घरच्या भाकरीसाठी मुलगी उन्हात राबली, त्याच घराने तिच्या उन्हाने रापलेल्या मुखास नावे ठेवावीत, ह्याहून मोठा अन्याय कोणता?

आम्ही शेतकरी लोक आपल्या जमिनीस 'काळी आई' म्हणतो. माती जितकी काळी तितकी कसदार, असे आम्ही अभिमानाने सांगतो, व काळे रान विकत घ्यावयाचे असल्यास अधिक दाम मोजितो. त्याच रानात राबणाऱ्या मुलीचा रंग पाहून मात्र आमची माने हलतात. मातीचा काळेपणा ज्यास समजला त्यास माणसाचा काळेपणा समजू नये, हे आश्चर्य होय.

4. डबीत भरलेले गोरेपण

जेथे भीती असते तेथे तिचा व्यापार करणारेही येतात. 1975 साली आपल्या देशात 'फेअर अँड लव्हली' हा लेप विक्रीस आला. त्याच्या जाहिरातींत बहुधा एकच कथा असे : सावळ्या मुलीस नोकरी किंवा नवरा मिळत नाही, लेप लावून ती गोरी होते, आणि सर्व काही मिळते. दोन पिढ्या ही कथा पाहत वाढल्या. 2009 साली चेन्नई येथील 'विमेन ऑफ वर्थ' ह्या संस्थेने सावळा वर्णही सुंदर आहे असे सांगणारी चळवळ आरंभिली, व 2013 साली नटी नंदिता दास हिने तिला आपला आवाज दिला. पुढे 2020 साली जगभर वर्णद्वेषाविरुद्ध लोक उठले, तेव्हा कंपनीने त्या लेपाच्या नावातील गोरेपणाचा शब्द काढून 'ग्लो अँड लव्हली' असे नाव ठेविले. नाव बदलले, परंतु मनांतील इच्छा डबीवरील नावाबरोबर बदलत नाही.

ह्याहून मोठे संकट निनावी लेपांचे आहे, आणि ह्याविषयी आम्ही आपल्या भगिनींस आग्रहाने सावध करितो. बाजारात व ओळखीच्या कोणाकडून मिळणाऱ्या कित्येक लेपांत पारा असतो. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून काही दिवस मुख उजळ दिसते. परंतु तोच पारा त्वचेतून रक्तात व रक्तातून मूत्रपिंडांत जातो. 2023 सालच्या आरंभी अकोल्याची वार्ता वृत्तपत्रांत आली : एक शिकणारी तरुणी, तिची आई व बहीण, अशा तिघींनी गोरे होण्याचा लेप वापरला, तिघींच्या मूत्रपिंडांस इजा झाली, व मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत त्या लेपात पारा सापडला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांसही असेच रोगी आढळले. अंगावर, पायांवर किंवा मुखावर सूज येणे व लघवीस फेस येणे ही मूत्रपिंडाच्या विकाराची चिन्हे होत. लेप लावणाऱ्या कोणास ती दिसल्यास लेप ताबडतोब बंद करून तो डबीसह डॉक्टरांस दाखवावा.

दुसरा प्रकार औषधाच्या दुकानातील मलमांचा. बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन अशी नावे ज्यांवर असतात ती स्टेरॉइडची मलमे होत. त्वचेच्या रोगांवर ती वैद्याच्या सल्ल्याने थोडे दिवस लावण्याची असतात. गोरे होण्यासाठी महिनोन् महिने लाविली तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या व केस येतात, आणि लावणे थांबविताच मुखाची आग होते. ती जपून विकली जावीत म्हणून सरकारने 2018 साली अशी अनेक मलमे वैद्याच्या चिठ्ठीवाचून न विकण्याच्या यादीत घातली. तरी ती मागितली म्हणजे मिळतात. कोणी भगिनी ती दीर्घकाळ लावीत असेल तर तिने लाजू नये, व एकाएकी आपल्याच मनाने निर्णयही घेऊ नये. त्वचेच्या डॉक्टरांस दाखवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती सोडावीत.

5. हातातील आरसा

पूर्वी तुलना गावातील चार मुलींशी होत असे. आता अहमदपूरची मुलगी लातूरास किंवा नांदेडास शिकवणीसाठी राहते, तिच्या हाती मोबाईल असतो, व त्या लहान काचेत ती साऱ्या जगाच्या मुखांशी आपले मुख ताडून पाहते. तिला हे कोणी सांगत नाही की त्यांतील पुष्कळ मुखे खरी नसतात. फिल्टर नावाच्या युक्तीने रंग उजळ होतो, नाक सरळ होते, गाल बारीक होतात. जे मुख त्या छायाचित्रातील बाईसही नाही, ते आपणांस का नाही म्हणून आमची मुलगी रडते. इन्स्टाग्राम चालविणाऱ्या कंपनीने स्वतःच केलेल्या चौकशीचे कागद 2021 साली उघडकीस आले. त्यांत असे होते की, ज्या किशोरवयीन मुलींस आपल्या देहाविषयी आधीच वाईट वाटत होते, त्यांच्यापैकी सुमारे एकतृतीयांश मुलींस ती चित्रे पाहून अधिकच वाईट वाटले.

चित्रांचा प्रभाव किती खोल जातो ह्याचा एक दाखला फिजी बेटांतून मिळतो. तेथे गावोगाव आपल्यासारख्याच मंडळ्या आहेत, मेथडिस्ट पंथाचे लोक पुष्कळ, आणि भरदार अंग व चांगली भूक हे तेथे घरच्या सुखाचे लक्षण मानीत. नाद्रोगा प्रांतात 1995 साली दूरचित्रवाणी आली. अ‍ॅन बेकर नावाच्या अमेरिकन विदुषीने त्या वर्षी व पुन्हा 1998 साली तेथील शाळकरी मुलींची विचारपूस केली. बारीक होण्यासाठी खाल्लेले अन्न ओकून टाकणारी मुलगी पहिल्या वेळी एकही आढळली नाही. तीन वर्षांनंतर शंभरांत सुमारे अकरा आढळल्या. पिढ्यान् पिढ्यांची समज तीन वर्षांत हलली.

आमच्याकडे हा प्रश्न अधिकच बिकट होतो, कारण येथे देह मुळातच उपाशी आहे. 2019 ते 2021 ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांमागे 54 जणींच्या अंगी रक्त कमी आढळले. अशा देशात मुलीने बारीक दिसण्यासाठी भाकरी अर्धी ठेवावी, आणि आईने 'बरे झाले, जरा अंग उतरेल' असे म्हणावे, हे देहरूपी मंदिराची वीट काढून घेण्यासारखे आहे. चक्कर येणे, धाप लागणे, अभ्यासात मन न लागणे, ह्यांचे मूळ कित्येकदा तेथेच असते.

6. परमेश्वराने पाहिले

आता पुन्हा लेआकडे येऊ. 31व्या वचनात शास्त्रकार सांगतो की लेआ नावडती आहे हे परमेश्वराने पाहिले. साऱ्या घराच्या नजरा राहेलीकडे लागल्या असता, ज्याची नजर लेआकडे वळली तो परमेश्वर होय. तिचे डोळे कसे आहेत हे तो पाहत नव्हता. त्या डोळ्यांत काय भरून आले आहे हे तो पाहत होता.

तिच्या मुलांच्या नावांत तिच्या मनाची सारी वाट लिहिलेली आहे. पहिला रऊबेन, त्याच्या नावात पाहण्याचा अर्थ आहे, आणि ती म्हणते की आता तरी नवरा माझ्यावर प्रीती करील. दुसरा शिमोन, देवाने माझे नावडतेपण ऐकले. तिसरा लेवी, आता तरी नवरा मला जडून राहील. तीन पुत्र झाले, तरी ती नवऱ्याच्याच नजरेत आपली किंमत शोधीत आहे. मग चौथा होतो, आणि ह्या वेळी ती नवऱ्याचे नावही काढीत नाही. ती परमेश्वराची स्तुती करिते, व मुलाचे नाव यहूदा ठेविते. ह्या मधल्या काळात याकोब बदलला असे शास्त्र सांगत नाही. लेआने आपले डोळे कोठे लावावे हे बदलले.

तथापि ही गोष्ट आम्ही वाजवीपेक्षा गोड करून सांगणार नाही. 30व्या अध्यायात तिची जुनी जखम पुन्हा वाहते; नवरा आता तरी माझा मान राखील अशी आशा ती पुन्हा करिते. लहानपणापासून बसलेला घाव एका प्रार्थनेने, एका प्रवचनाने भरत नाही. ज्या मुलीस आज धीर आला व उद्या पुन्हा आरशापुढे रडू आले, तिचा विश्वास लटका असे कोणी म्हणू नये. देवाने लेआस त्या वेळीही सोडिले नाही. तिच्या लेवीपासून मोशे व अहरोन झाले, आणि तिच्या यहूदापासून दावीद व देहाने आपला तारक प्रभु येशू ख्रिस्त. मरतेसमयी याकोबाने जेथे आपणांस पुरावे म्हणून सांगितले, ते स्थळ अब्राहाम, सारा, इसहाक व रिबका ह्यांच्या शेजारी मकपेल्याच्या गुहेत होते, आणि तेथे लेआ आधीच निजली होती.

7. नवे नाव

महाराष्ट्रात साताऱ्याकडे अशी चाल होती की मुलाची वाट पाहत असता मुलगीच झाली तर तिचे नाव 'नकुशी' किंवा 'नकोशी' ठेवावयाचे. शाळेत हजेरी घेताना गुरुजी रोज तिला 'नकोशी' म्हणून हाक मारीत, आणि ती रोज 'हजर' म्हणे. 2011 सालच्या ऑक्टोबरात सातारा येथे समारंभ करून अशा 285 मुलींस नवी नावे देण्यात आली. शास्त्र वाचणाऱ्यास हे ऐकून यशयाचा 62वा अध्याय आठवल्यावाचून राहणार नाही. तेथे परमेश्वर टाकलेल्या नगरीस म्हणतो की तुला आता टाकलेली म्हणणार नाहीत. तो तिला हेफ्सीबा हे नाव देतो, म्हणजे जिच्याविषयी मला आनंद वाटतो ती.

असे नवे नाव देण्याचे काम आमच्या मंडळीच्या इतिहासातही झाले आहे. पंडिता रमाबाईंनी 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतांतून उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या मुली केडगावास आणिल्या. त्या मुलींच्या रूपाची वाखाणणी करणारे जगात कोणीही उरले नव्हते. मुक्तिसदनात त्यांस अन्न, विद्या व हातचा धंदा मिळाला. अंध मुलींसही तेथे शिक्षण मिळे. रमाबाईंनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्यांच्या मरणानंतर, म्हणजे 1922 नंतर, दोन वर्षांनी 1924 साली प्रसिद्ध झाले, आणि ते छापण्याचे काम मुक्तीच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातांनी झाले. ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नसते, त्यांच्या बोटांनी देवाच्या वचनाचे खिळे जुळविले.

8. मंडळीने काय करावे

शमुवेलाच्या पुस्तकातील जे वचन आपण तोंडपाठ करावयाचे आहे, ते नीट पाहा. रूपाने दुःखी असलेल्या मुलीस धीर देण्यासाठी आपण ते सांगत असतो. परंतु देवाने ते मुळात कोणास सांगितले? निवडले जाणाऱ्यास नव्हे, तर निवड करावयास आलेल्या शमुवेलास. तो वृद्ध संदेष्टा अलीयाबाची उंची पाहून भुलला, तेव्हा देवाने त्यास अडविले. म्हणजे हा बोध पहिल्याने पाहणाऱ्याच्या डोळ्यांस आहे. मुलीस 'मनाला लावून घेऊ नको' असे सांगण्यापूर्वी आपण आपली नजर सुधारली पाहिजे. पुढे 12व्या वचनात दाविदाच्या सुरेख मुखाचाही उल्लेख आहे. यावरून देव रूपाचा तिरस्कार करीत नाही, मात्र त्यास माप करीत नाही, हेही कळते. म्हणून वेणीफणी करणाऱ्या, नवे पातळ हौसेने नेसणाऱ्या मुलीस उगाच दटावू नये.

ह्यास्तव आम्ही काही साध्या गोष्टी सुचवितो. पहिली, रंगाच्या व अंगाच्या हाका घरातून आजच बंद कराव्यात, आणि थट्टा करणाऱ्या पाहुण्यास मुलीच्या देखत थांबवावे; बापाने आपल्या वतीने काढलेला एक शब्द मुलगी जन्मभर विसरत नाही. दुसरी, स्थळाच्या कागदावर वर्णाचा रकाना लिहू नये व विचारूही नये. आम्हां पाळकांस सोयरीक जुळविण्याच्या कामी बोलावणे येते. तेव्हा रंगावरून नकार देणाऱ्यास व हुंडा मागणाऱ्यास आम्ही स्पष्ट बोलावे. तिसरी, मुलाइतकेच दूध, अंडे, डाळ व पालेभाजी मुलीच्या ताटात पडावी, आणि रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्यावी. चौथी, मुलीची स्तुती करताना तिच्या बुद्धीची, धैर्याची, आवाजाची व दयाळूपणाची करावी, आणि शास्त्रवाचन व गीते ह्यांसाठी तिला पुढे बोलवावे. पाचवी, मुलगी जेवण टाळू लागली, खोलीत कोंडून राहू लागली, किंवा आपण नसते तर बरे झाले असते असे बोलली, तर ते नखरे म्हणून सोडून देऊ नयेत. तिच्याजवळ बसावे, तिचे ऐकून घ्यावे, तिला एकटी ठेवू नये, व डॉक्टरांस दाखवावे. सरकारची 'टेलि-मानस' नावाची सेवा 2022 सालापासून आहे; 14416 ह्या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट बोलता येते. अशी मदत घेणे हा अविश्वास नव्हे. लूक हा वैद्यच होता, आणि पौलाने त्यास प्रिय म्हटले आहे.

आणि मुलींनो, तुम्हांस शेवटी एवढेच सांगणे आहे. पाहुण्यांनी नकार दिला म्हणजे तुमची किंमत ठरली असे नव्हे. त्यांनी आपल्या तागडीची किंमत सांगितली. ज्याने तुम्हांस घडविले त्याने, कोणी तुमचे नावही ठेवण्यापूर्वी, तुम्हांस पाहिले आहे. यशयाच्या 53व्या अध्यायात त्याच्या सेवकाविषयी लिहिले आहे की लोकांनी आवडून घ्यावे असे रूप त्यास नव्हते. जो स्वतः लोकांच्या डोळ्यांत नापसंत ठरला, तो तुमचा प्रभु आहे. त्याच्यापुढे उभे राहताना मुख झाकण्याचे कारण नाही.

वर्गात विचारण्याचे प्रश्न

1. लेआच्या दुःखास तिच्या डोळ्यांपेक्षा तिच्या घरची रीत कशी कारण झाली?
2. रऊबेन, शिमोन, लेवी व यहूदा ह्या नावांवरून लेआच्या मनातील कोणता बदल दिसतो?
3. गीतरत्नातील तरुणीचा वर्ण कशाने सावळा झाला? आमच्या गावांत असे कोण आहेत?
4. 1 शमुवेल 16:7 हे वचन देवाने कोणास सांगितले? आज ते कोणास सांगावे?
5. आपल्या घरात कोणती हाक किंवा कोणता शब्द ह्या आठवड्यापासून बंद व्हावा?

प्रार्थना

हे देवबापा, तू लेआचे अश्रू पाहिलेस, आमच्या मुलींचेही पाहा. ज्या जिभांनी त्यांस दुखविले त्या जिभा तू शुद्ध कर, आणि ज्या डोळ्यांनी त्यांस तोलले ते डोळे तू नवे कर. ज्या मुली आज रात्री आरशापुढे रडतील त्यांच्यापाशी तू ऐस, आणि आमच्यातील कोणास तरी त्यांच्याकडे पाठीव. तुझ्या पुत्राच्या नावाने मागतो. आमेन.